पुरावा गावातून येतो
संशोधन विद्यापीठात होते, खेडी फक्त नमुने पुरवतात, ही समजूत गडचिरोलीने केव्हाच मोडीत काढली. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचा नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. ३९ गावांत प्रशिक्षित बाया घरोघरी जाऊन बाळाचे वजन करत, श्वास मोजत, जंतुदोष दिसला तर इंजेक्शनही देत. तुलनेला ४७ गावे होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी कमी भरला.

अल्पशिक्षित हाती सुई देणे धोक्याचे, हा आक्षेप वरवर रास्त. पण तिथे पर्याय डॉक्टरचा नव्हताच, बहुतेक कुटुंबे सांगूनही बाळाला रुग्णालयात नेत नसत. एका जिल्ह्यावरून देशाचे धोरण ठरावे का? ठरले खरे: २०११ मध्ये केंद्राने ‘आशा’ आरोग्यसेविकांच्या नवजात बाळांसाठीच्या गृहभेटी सुरू केल्या, त्या याच धर्तीवर. गडचिरोलीच्या पुराव्याला बळ दिले ते तुलनेच्या गावांनी; म्हणून या अंकातले निष्कर्ष वाचताना तुलनेचा गट कोणता, हे आधी विचारा.