शिखर जुळले, तरी मॉडेल तपासायचे राहतेच

मंगळाच्या आयनांबराचे मॉडेल पहिल्या टप्प्यावर फारसा त्रास देत नाही. वातावरणात सुमारे 95 टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. सूर्याच्या लघुतरंगी अतिनील किरणांनी त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. सिडनी चॅपमन यांचा 1931 चा सिद्धांत लावला, की दिवसाच्या बाजूला 120 ते 135 किलोमीटरांच्या पट्ट्यात घनतेचे शिखर मिळते: दर घनसेंटिमीटरला लाखाच्या आसपास इलेक्ट्रॉन. 1965 मध्ये मरिनर 4 च्या रेडिओ-लहरींनीही साधारण हेच दाखवले. बहुतेक मॉडेले इथेच ‘जुळली’ म्हणून जाहीर होतात, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

कार्बन डायऑक्साइडचा आयन तयार होतो, पण टिकत नाही. ऑक्सिजनच्या सुट्या अणूशी गाठ पडताच त्याची जागा ऑक्सिजन रेणूचा आयन घेतो. 1976 मध्ये वायकिंग यानांनी उतरता उतरता केलेल्या मोजणीत हाच आयन प्रमुख ठरला. म्हणजे सुट्या ऑक्सिजनचे प्रमाण चुकीचे धरले, तर शिखर जागेवर राहूनही आयनांची वाटणी बिघडते.

इलेक्ट्रॉनचे तापमान त्याहून फसवे. ऑक्सिजन रेणूच्या आयनाशी इलेक्ट्रॉनच्या पुनर्संयोगाचा दर तापमानाच्या उणे 0.7 घातानुसार बदलतो, आणि शिखराची घनता त्या दराच्या व्यस्त वर्गमुळाने ठरते. तापमान दुप्पट धरले, तर घनता सुमारे 27 टक्क्यांनी वाढते. सौर प्रवाह 62 टक्के जास्त धरूनही नेमकी तेवढीच वाढ मिळते. दोन चुका एकमेकींना बेमालूम झाकतात. आलेख मात्र देखणा दिसतो.

सुमारे 200 किलोमीटरांच्या वर नुसते रसायन पुरत नाही. तिथे आयनांचे वहन प्रभावी होते, आणि दक्षिण गोलार्धातील कवचाची चुंबकक्षेत्रे त्याला वळण लावतात. एकमितीय मॉडेलला हे पेलत नाही. धुळीच्या वादळात खालची हवा तापून फुगते आणि शिखर वर सरकते. उदासीन वातावरण एखाद्या सरासरी तक्त्यातून घेतले, तर तेही निसटते.

2014 पासून मेव्हन यान इलेक्ट्रॉन तापमान, आयन आणि उदासीन वायू एकाच कक्षेत मोजत आले. त्याचा नीचतम बिंदू एरवी 150 किलोमीटरांच्या आसपास असे. मोजक्या मोहिमांत तो 125 पर्यंत उतरवला गेला. शिखराजवळची थेट मोजमापे म्हणूनच थोडी आहेत. मॉडेलकारांनी शिखराच्या आलेखाबरोबर आयनांची वाटणी, धरलेले इलेक्ट्रॉन तापमान आणि उदासीन वातावरणाचा स्रोत, हे तिन्ही लेखात द्यावेत.