बाप्तिस्मा दुसऱ्यांदा घ्यायचा नसतो

वैराग, बार्शी, माढा या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांना एक प्रश्न फार टोचतो आहे. मुलगा शिकायला किंवा कामाला सोलापूर-पुण्याला जातो. तिथे एखाद्या प्रार्थनासंगतीत रमतो, बायबल उघडून वाचू लागतो. घरच्यांना आनंदच होतो. मग कोणीतरी त्याला विचारतं, "तुझा बाप्तिस्मा झालाय का?" तो म्हणतो, "हो, तान्हा असताना, आमच्या मंडळीत." त्यावर उत्तर येतं, "तो बाप्तिस्मा नव्हेच. तुझा विश्वास नव्हता, तुला पाण्यात बुडवलंही नव्हतं." काही आठवड्यांत एखाद्या विहिरीवर नाहीतर कॅनॉलवर त्याचा बाप्तिस्मा होतो. सुट्टीला घरी आल्यावर आजी एवढंच विचारते, "मग आम्ही तुला देवाच्या हाती दिलं, ते खोटं होतं का रे?"

मी त्या आजीच्या बाजूने लिहितो आहे. ज्याचा बाप्तिस्मा बालपणी पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झाला आहे, त्याने मोठेपणी तो पुन्हा घेऊ नये आणि कोणी त्याला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या मंडळ्या मुलांना बाप्तिस्मा न देता त्यांचं समर्पण करतात आणि ती मोठी झाल्यावर बाप्तिस्मा देतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. तिथेही बाप्तिस्मा एकदाच होतो. माझा आक्षेप झालेला बाप्तिस्मा रद्द ठरवण्याला आहे.

हा वाद आपल्याकडे कालपरवा आलेला नाही. सोलापूर भागातल्या जुन्या मंडळ्या ज्या अमेरिकन मराठी मिशनने उभ्या केल्या, त्या मिशनच्या जन्मातच तो आहे. 6 फेब्रुवारी 1812 रोजी अमेरिकेत सेलम इथे पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली: अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. बालबाप्तिस्मा मानणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्यांनी त्यांना पाठवलं होतं. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरींच्या बाप्टिस्ट मंडळींशी गाठ पडणार, वाद होणार, म्हणून जडसन जहाजावरच या विषयाचा अभ्यास करत बसले, आणि तो करता करता त्यांचं स्वतःचंच मत फिरलं. 6 सप्टेंबर 1812 रोजी कलकत्त्यात विल्यम वॉर्ड यांनी त्यांना बुडवून बाप्तिस्मा दिला. नोव्हेंबरमध्ये राइस यांनीही घेतला. हॉल आणि नॉट मात्र फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला पोचले, पुढे न्यूएल त्यांना येऊन मिळाले, आणि त्यांच्या मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला व पुढे तीसेक वर्षांनी सोलापूरला काम सुरू केलं.

जडसन यांचा मी आदर करतो. पाठवणाऱ्या मंडळाचा आधार त्यांनी सोडला, परक्या देशात निराधार होण्याची जोखीम घेतली आणि ब्रह्मदेशात आयुष्य वेचलं. पण त्याच कामगिरीवर निघालेले, तोच ग्रंथ वाचणारे हॉल आणि न्यूएल आपल्या बालपणीच्या बाप्तिस्म्यावर उभे राहिले आणि याच मुलखात मरण पावले. हॉल यांना 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने गाठलं. तेव्हा प्रामाणिकपणा दोन्हीकडे होता. निकाल युक्तिवादावरच लागायला हवा.

पूर्वपक्षाचा पहिला आणि सर्वांत बळकट मुद्दा क्रमाचा आहे. नव्या करारात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा असा क्रम दिसतो. मार्काच्या सोळाव्या अध्यायात तो स्पष्ट आहे. बालकाला विश्वास ठेवता येत नाही, म्हणून त्याचा बाप्तिस्मा पोकळ. ऐकताना हे बिनतोड वाटतं. पण नव्या करारात कोणाचे बाप्तिस्मे आहेत ते पाहा. बाहेरून आलेल्या पहिल्या पिढीचे. पहिल्या पिढीचा क्रम आजही तोच असतो. बाबा पदमनजींनी 1854 मध्ये बेळगावला, नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा तेही आधी विश्वासात आले आणि मग पाण्यापाशी गेले. प्रश्न आहे तो विश्वासणाऱ्यांच्या लेकरांचा. ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेला एखादा मुलगा बाप्तिस्म्यावाचून वाढला आणि मोठेपणी त्याने तो घेतला, असं एकही उदाहरण नव्या करारात नाही. बालबाप्तिस्म्याचं उघड उदाहरण दाखवा, असं म्हणणाऱ्यांनी हेही दाखवायला हवं.

जे आहे ते घराण्यांचं आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदिया आणि तिचं घराणं, तुरुंगाचा अधिकारी आणि त्याची सगळी माणसं. करिंथकरांना लिहिताना पौलाला आठवणारं स्तेफनाचं घर. या घरांत तान्ही मुलं होतीच, हे मी सिद्ध करू शकत नाही, आणि नव्हतीच, हे समोरच्यांनाही सिद्ध करता येणार नाही. मात्र घरधन्याबरोबर घर मोजण्याची ती रीत ज्या मुळातून आली, ते मूळ आपल्या हातात आहे. अब्राहामाने आधी विश्वास ठेवला आणि मग सुंतेची खूण घेतली, असं पौल रोमकरांना सांगतो. इसहाकाला मात्र तीच खूण आठव्या दिवशी मिळाली. विश्वास नंतर आला. खूण एक, करार एक, क्रम दोन. इसहाक मोठा झाल्यावर कोणी त्याला, तुझी सुंता झालीच नाही, असं म्हटलं नाही. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्रानेही वचन ऐकणाऱ्यांना दिलं तेव्हा त्यांच्या मुलाबाळांना वगळलं नाही.

मंडळीच्या इतिहासातला पुरावाही याच दिशेचा आहे. सुमारे 200 साली तर्तुलियन याने बालकांना बाप्तिस्मा देण्याची घाई करू नये असं लिहिलं. प्रथा चालू होती म्हणूनच त्याला तसं लिहावं लागलं. पुढच्या शतकात ओरिगेन तिला प्रेषितांपासून आलेली परंपरा म्हणतो.

दुसरा मुद्दा इफिसच्या बारा शिष्यांचा. पौलाने त्यांना पुन्हा बाप्तिस्मा दिला ना? दिला, कारण त्यांचा पहिला बाप्तिस्मा योहानाचा होता. येशूच्या नावाने त्यांना तो झालाच नव्हता. खरी तुलना प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायातल्या शिमोन जादूगाराशी करायला हवी. त्याने ख्रिस्ती बाप्तिस्मा घेतला आणि लगेच पवित्र आत्म्याचं दान पैशाने विकत मागितलं. त्याचं मन सरळ नाही, हे पेत्राने तोंडावर सांगितलं. म्हणजे तो बाप्तिस्मा खऱ्या विश्वासाविना झालेला होता. पेत्राने त्याला पुन्हा पाण्यात उतरवलं का? नाही. पश्चात्ताप कर आणि प्रार्थना कर, एवढंच सांगितलं. दुसऱ्या बाप्तिस्म्याच्या पुरस्कर्त्यांकडून या अध्यायाचं समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.

पाण्याच्या मापाचा मुद्दा मी थोडक्यात संपवतो. बुडवणं ही सुंदर आणि जुनी रीत आहे. पण 'दिदाखे' या आद्य मंडळीच्या पुस्तिकेत, वाहतं किंवा पुरेसं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा पाणी ओतावं अशी मोकळीक आहे. ज्या जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या हंडाभर पाण्यासाठी कोसभर पायपीट केली, तिथे लिटरवर तारण ठरवायचं?

"मला काही आठवत नाही, मी काही निवडलं नाही," हा तिसरा आक्षेप तरुणांच्या तोंडी असतो आणि तो मनातून येतो. त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. आपल्याकडे अल्पवयीन मुलाच्या नावावर जमीन आली की सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव लागतं. मुलगा सज्ञान झाला की तलाठ्याकडे अर्ज करून पालनकर्त्याचं नाव कमी होतं आणि तो स्वतः वहिवाट पाहू लागतो. तीच जमीन कोणी त्याला पुन्हा खरेदी करायला लावत नाही. बाप्तिस्म्यातही देणारा देव आहे. आपण मोठेपणी त्या देण्याचा ताबा घ्यायचा असतो, आणि त्यासाठी मंडळीत दृढीकरणाची, विश्वासाच्या जाहीर कबुलीची जागा आहे.

शिवाय, मोठेपणी घेतला म्हणून बाप्तिस्मा पक्का, ही हमी तरी कुठे आहे? पंडिता रमाबाईंनी 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. वय पंचविशीचं, शास्त्रं मुखोद्गत, निर्णय पूर्ण विचारांती. त्याच दिवशी त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. पण पुढे आपल्या साक्षीत रमाबाई लिहितात की त्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षं गेली. भारतातल्या सर्वांत डोळस बाप्तिस्म्यांपैकी एकाची ही गोष्ट. प्रत्येक नव्या जागृतीनंतर आधीचा बाप्तिस्मा खोटा धरायचा, तर माणसाने आयुष्यात किती वेळा पाण्यात उतरायचं? मार्टिन ल्यूथरने 1528 मध्ये पुनर्बाप्तिस्म्यावरच्या पत्रात हेच बजावलं होतं: माझा विश्वास खरा आहे याची खात्री पटल्यावरच बाप्तिस्मा, असं म्हटलं तर तो कधीच कोणाचा पुरा होणार नाही.

आता एक आक्षेप असा, जो उघड बोलला जात नाही पण आपल्या जिल्ह्यात फार खोल जखम करतो. "तुझे पणजोबा दुष्काळात भाकरीसाठी ख्रिस्ती झाले. त्यांचा बाप्तिस्मा पोटाचा, मग तुझ्या घराण्यात विश्वास आला कुठून?" 1876-77 आणि 1899-1900 या दुष्काळांनी सोलापूर जिल्हा होरपळून काढला, हे खरं. त्या काळात मिशनच्या आश्रयाला आलेल्यांत भुकेले लोक होते, हेही खरं. त्यातले बरेचसे गावकुसाबाहेरचे होते. त्यांना गावच्या विहिरीवर पाणीही भरू दिलं जात नव्हतं. भुकेल्याने भाकर देणाऱ्या देवावर विश्वास ठेवला, यात खोटं काय? येशूच्या मागे जाणाऱ्या लोकसमुदायाने भाकरी खाल्ल्या नव्हत्या का? आणि क्षणभर धरू, की काहींचा हेतू निव्वळ पोटाचा होता. तरी चौथ्या शतकापासून मंडळीचा निर्णय आहे की बाप्तिस्म्याचं खरेपण देणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या पात्रतेवर टांगलेलं नसतं. आफ्रिकेतले डोनाटस पंथी, छळात डगमगलेल्या धर्मगुरूंच्या हातचा संस्कार बाद म्हणून पुन्हा बाप्तिस्मा देत. 314 च्या आर्लच्या परिषदेने त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देण्यास मनाई केली, आणि ऑगस्टीनने पुढे ठासून सांगितलं की हात कोणाचाही असो, बाप्तिस्मा देणारा ख्रिस्तच. आमच्या पणजोबांच्या विश्वासाची वजनमापं काढण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांनी टोमणे आणि बहिष्कार सोसून पोरांना शाळेत घातलं आणि प्रभूचं नाव पुढच्या पिढीच्या हाती दिलं.

बालबाप्तिस्म्यावर टीका करणारे सगळेच पुनर्बाप्तिस्म्याचे पाठीराखे असतात, असंही नाही. विसाव्या शतकातला थोर प्रॉटेस्टंट ईश्वरज्ञानी कार्ल बार्ट याने 1943 मध्ये बालबाप्तिस्म्याच्या प्रथेवर कडक हल्ला चढवला, तरीही असा बाप्तिस्मा झालेल्यांना तो पुन्हा देऊ नये असंच सांगितलं. 1982 च्या लिमा दस्तऐवजात जगभरच्या नाना पंथांच्या अभ्यासकांनी तोच निष्कर्ष काढला. पौलाने इफिसकरांना एक प्रभू, एक विश्वास यांच्या ओळीत एकच बाप्तिस्मा ठेवला आहे. त्याला दुसरा जोडला की शरीराचे दोन तुकडे होतात. घरात नवरा एका मंडळीचा आणि बायको दुसरीची होते, लग्नाच्या वेळी पाळक अडून बसतात, कब्रस्तानात जागेवरून वाद होतात. वैरागसारख्या गावात, जिथे ख्रिस्ती घरं आधीच मोजकी, तिथे ही फूट झेपणारी नाही.

खंडन करताना दोन गोष्टी आपल्या बाजूच्याही कबूल करायला हव्यात. पहिली इतिहासाची. झुरिकला जानेवारी 1525 मध्ये ज्यांनी विश्वासाने पुन्हा बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या फेलिक्स मांझला 1527 मध्ये लिमाट नदीत बुडवून मारलं, आणि ते करणारे प्रॉटेस्टंट होते. हे पाप आहे. कोणालाही मतासाठी छळणं, वाळीत टाकणं, आजही पापच आहे.

दुसरी आजची. आपल्या मंडळ्यांनी बालबाप्तिस्म्याचं बारसं करून टाकलं आहे. केक, जेवणावळ, फोटो. आईबाप वर्षभर उपासनेला नाहीत, धर्मपिता दुसऱ्या गावचा, नावापुरता. दृढीकरणाचा वर्ग दोन-चार रविवारांत उरकतो. मग तरुणाला पहिल्यांदा कोणी गंभीरपणे विश्वासाबद्दल विचारतं ते बाहेरच्या संगतीत, आणि तो तिकडे जातो. दोष त्याच्या भुकेचा नाही, वाढणाऱ्यांचा आहे. जे आईबाप मंडळीच्या जीवनात सहभागी आहेत त्यांच्याच लेकरांना बाप्तिस्मा द्यावा, आधी आईबापांना शिकवावं. दृढीकरणाला वर्षभर द्यावं. तरुणाला सर्वांसमोर स्वतःच्या शब्दांत साक्ष देऊ द्यावी. बाप्तिस्म्याच्या शपथेचं नूतनीकरण दरवर्षी ईस्टरला सगळ्या मंडळीने मिळून करावं. मनाला जी कबुली हवी असते, ती इथे पूर्ण मिळते.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा बालबाप्तिस्मा देणाऱ्या आणि न देणाऱ्या मंडळ्या एकाच छताखाली आल्या. दोन्ही रीती समान मानल्या गेल्या. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने सद्‌सद्‌विवेकाच्या कारणाने पुन्हा मागितला, तर पाळकाने परस्पर काही न करता ती बाब बिशपांकडे न्यावी असं ठरलं. दार खिळे ठोकून बंद केलं नाही, पण विहिरीवरच्या घाईलाही जागा ठेवली नाही. ही वाट शहाणपणाची आहे.

म्हणून माझी विनंती तिघांना आहे. प्रार्थनासंगती चालवणाऱ्या बंधूंनो, आमच्या मुलांना प्रभूची ओढ लावलीत याबद्दल आभार. त्यांचा झालेला बाप्तिस्मा मान्य करा आणि सभासदत्वासाठी दुसरा मागू नका. पंचकमिटीच्या वडीलधाऱ्यांनो, ज्यांनी दुसऱ्यांदा घेतला आहे त्यांची नावं रजिस्टरातून खोडू नका, त्यांना प्रभुभोजनाला बोलवा. आणि जे विचारात आहेत त्या तरुणांनो, तारीख ठरवण्याआधी आपल्या पाळकाकडे जा, शिमोनाचा अध्याय त्यांच्यासमोर बसून वाचा आणि दृढीकरणाचा वर्ग हक्काने मागून घ्या.