रंग बदलला तरी पोपट तोच

पक्षी पाळण्याच्या हौसेने गेल्या काही वर्षांत नवे वळण घेतले आहे. पूर्वी पडवीत टांगलेल्या पिंजऱ्यात हिरवा राघू असे आणि त्याला बोलायला शिकविणे हा घरातील मुलांचा विरंगुळा असे. आता शहरांतील विक्रेत्यांकडे आणि हातातील मोबाईलवरही निळे, पिवळे, पांढरे पोपट दिसू लागले आहेत. त्यांची किंमत हिरव्या पोपटाहून कितीतरी अधिक असते. शिवाय हा पक्षी विदेशी आहे, तो पाळण्यास कायद्याची हरकत नाही, असे आश्वासनही बहुधा सोबत मिळते. शाळेत गुण चांगले मिळाले म्हणून मुलाला असा पक्षी आणून देणाऱ्या पालकाच्या मनात काही वाईट असते असे नाही. परंतु ज्या समजुतीवर ही खरेदी होते, ती समजूत तपासून पाहणे आवश्यक आहे.

वस्तुतः हे निळे-पिवळे पोपट बहुतांशी आपल्याच ओळखीच्या कंठीवाल्या पोपटाचे वंशज आहेत. नराच्या गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठी असलेला हा पक्षी यवतमाळ जिल्ह्यात कोणी पाहिला नाही असे होणार नाही. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याची वाट त्यासाठी धरावी लागत नाही. गावच्या वेशीवरील जुना कडुनिंब पुरेसा आहे. त्याचा रंग बदलतो कसा, हे विज्ञानाने आता बरेच उलगडले आहे आणि ते शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगे आहे.

पोपटाच्या पिसात हिरवे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या तंतूंतील सूक्ष्म रचनेमुळे प्रकाशातील निळा भाग परावर्तित होतो. तिच्याखालील काळे रंगद्रव्य उरलेला प्रकाश शोषून घेते. या निळ्यावर पोपटाच्या शरीरातच तयार होणाऱ्या पिवळ्या द्रव्याची छटा चढते आणि आपल्याला हिरवा रंग दिसतो. पिवळे द्रव्य तयार झाले नाही, तर पोपट निळा होतो. काळे द्रव्य नसेल तर तो पिवळा होतो. दोन्ही नसली तर पांढरा. बजरीगार या ऑस्ट्रेलियन पक्ष्यात हे पिवळे द्रव्य घडविणाऱ्या प्रथिनाच्या साखळीतील एकच दुवा बदलल्याने निळा रंग येतो, असे संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले. म्हणजे ज्याला आपण नवा रंग म्हणून अधिक पैसे मोजतो, तो मुळात उणेपणा आहे. पक्ष्याला काही अधिक मिळालेले नसते. त्याच्याजवळचे काही गेलेले असते.

असे बदल निसर्गातही क्वचित होतात. रानातील थव्यात एखादा पिवळा पोपट आढळल्याच्या नोंदी आहेत. परंतु तेथे तो एकटा असतो आणि ससाण्याच्या नजरेस पानांआड लपलेल्या हिरव्या भावंडांच्या आधी पडतो. पिंजऱ्यात मात्र मेंडेलचे नियम माणसाच्या हाती येतात. निळ्या रंगाचा गुण अंगी लपलेल्या दोन हिरव्या पोपटांची जोडी जमविली, तर सरासरीने चार पिलांत एक निळे निघते. पिवळ्याची गोष्ट वेगळी. तो गुण लिंगसूत्राशी जोडलेला आहे. तो सुप्त असलेल्या हिरव्या नराची जोडी साध्या हिरव्या मादीशी लावली, तर सरासरीने निम्म्या माद्या पिवळ्या होतात, नर मात्र सारे हिरवेच दिसतात. हा हिशेब मोठा मनोरंजक आहे. पक्षी पाळणाऱ्यांच्या चिकाटीने आनुवंशशास्त्राला काही दिले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु हवा तो रंग लवकर मिळावा म्हणून जवळच्या नात्यात पुन्हा पुन्हा जोड्या लावल्या, तर रंगाबरोबर लपलेले दोषही वर येतात. त्याची किंमत विकत घेणारा नव्हे, तो पक्षी भरतो.

आता कायद्याचा प्रश्न. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापारावर सरसकट बंदी आली. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि हा पोपट दुसऱ्या अनुसूचीत गेला. ही अनुसूची जातीच्या नावाने लिहिलेली आहे, रंगाच्या नव्हे. आपल्याकडे ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हटले जाते ते बजरीगार परदेशी आहेत. त्यांच्या शेजारी ठेवल्याने आपला पोपट परदेशी ठरत नाही. रंग निळा झाला म्हणून पोपट पोपटाच्या जातीबाहेर जात नाही.

यावर शेतकरी विचारील, की आमच्या ज्वारीची कणसे कुरतडणाऱ्या पक्ष्याचे एवढे कौतुक कशाला? हा प्रश्न रास्त आहे. पोपट खातात त्याहून अधिक नासवतात, हे मचाणावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. ते नुकसान समाजाने वाटून घेतले पाहिजे, याबद्दल दुमत नसावे. परंतु ढोलीतील पिले उचलून बाजारात नेल्याने कोणाचे कणीस वाचत नाही. फायदा मधल्या दलालाचा होतो.

आणि येथेच रंगीत पोपटाचा खरा अपाय आहे. ज्याला निळा परवडतो तो निळा घेतो. ज्याला परवडत नाही तो हिरव्यावर भागवतो. तो हिरवा बहुधा कोणत्या तरी झाडाच्या ढोलीतून, पंख फुटण्याआधी काढलेला असतो. दिवाणखान्यातील प्रतिष्ठित पिंजऱ्यामुळे झाडाखालच्या चोरट्या पिंजऱ्याला मान्यता मिळते.

तेव्हा करावे काय? जन्मापासून पिंजऱ्यात वाढलेला पोपट, विशेषतः निळा वा पिवळा, भूतदयेच्या भरात उडवून देऊ नये. ना त्याला अन्न शोधता येते, ना लपण्यासाठी हिरवा रंग असतो. अशी सुटका म्हणजे मरणच. त्याबाबत वनविभागाचा सल्ला घ्यावा. नवा पक्षी मात्र विकत घेऊ नये. रस्ते रुंद होताना आणि शाळांची आवारे फरशीने बंदिस्त होताना ढोलीची जुनी झाडे राखण्याचा आग्रह ग्रामपंचायतीने आणि शिक्षकांनी धरावा. हिवाळा सरत आला की त्याच ढोल्यांच्या तोंडाशी पोपटांच्या जोड्या भांडताना दिसतात. मुलाला पोपट दाखवायचा असेल, तर तो तेथे दाखवावा. त्यासाठी पैसे पडत नाहीत, आणि त्याच्या हिरव्या रंगात काहीही उणे नसते.