संप आमचाही, पण युनियन कोणाची?

संप म्हटला की आपल्यातली काही शिकली-सवरलेली पोरंही हल्ली नाक मुरडतात. 'लोकांना वेठीस धरतात' ही मालकांची भाषा आपल्या तोंडी आली कुठून? १९३८ साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी ठणकावून सांगितले की संपाला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध राबवणे, सरळ गुलामगिरीच. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाच्या संपात उतरला. आज २०२० ची औद्योगिक संबंध संहिता प्रत्येक उद्योगात संपाआधी १४ दिवसांची नोटीस सक्तीची करते, आणि आम्ही गप्प!

म्हणून लाल बावट्यामागे डोळे मिटून जा, असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त. तिथेच अस्पृश्याला मज्जाव! का, तर धागा तोंडाला लावावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. बाहेर एकजुटीच्या घोषणा, आत हा प्रकार. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न युनियनपुढे ठेवला.

आज त्या धाग्याच्या जागी कंत्राट आले आहे. कायम कामगारांची युनियन बोनससाठी भांडते, आणि त्याच गेटवर झाडू मारणारा, गटारात उतरणारा कंत्राटी कामगार कित्येक ठिकाणी तिचा सभासदही नसतो. तो बहुतेक कोणत्या जातीचा असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

तरीही बाहेर बसून युनियनला शिव्या घालणे आम्हाला मान्य नाही. पावती फाडा, सभासद व्हा. पुढच्या सभेत उभे राहा आणि मागण्यांच्या यादीत कंत्राटी सफाई कामगार कितव्या नंबरवर आहे, ते विचारा.