सहा किलोमीटरची चौकट

२६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ राष्ट्राला अर्पण झाली आणि हवामानाच्या गणितातील चौकट बारा किलोमीटरवरून सहावर आली. त्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक बसविण्यात आला आहे. ग्रामपंचायतनिहाय अंदाजांची योजना त्यापूर्वीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली होती. चौकट निम्मी झाली म्हणजे अंदाज दुपटीने अचूक होणार, असा समज यातून रूढ होऊ पाहत आहे. तो तपासून घ्यावयास हवा.

वातावरण हा अगणित भोवऱ्यांचा प्रवाह आहे. प्रत्येक भोवऱ्याचा हिशेब ठेवणे अशक्य असल्याने शास्त्रज्ञ सरासरीचा आधार घेतात. मोठ्या भोवऱ्यांतील ऊर्जा लहानांकडे झिरपत जाते आणि अखेर उष्णतेत विरते, असा सिद्धांत कोल्मोगोरॉव्ह यांनी १९४१ साली मांडला. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि हवेचे थर जड खाली, हलके वर असे रचलेले असतात. हे दोन लगाम मोठ्या प्रवाहांना शिस्त लावतात. त्यांच्यातील ऊर्जा लहान आकारांकडे फारशी उतरत नाही, हे चार्नी यांनी १९७१ साली दाखविले. हजारो किलोमीटर पसरलेल्या हवामान-प्रणालींचा मागोवा कित्येक दिवस आधी घेता येतो, त्याचे एक कारण हेच.

गावाच्या पातळीवर मात्र हे लगाम सुटतात. काहीशे किलोमीटरच्या खाली ऊर्जेची घट मंदावते, असे नॅस्ट्रॉम व गेज यांना विमानांवरील मोजमापांतून १९८५ साली आढळले. अशा प्रवाहात बारीक भोवऱ्यांविषयीची चूक झपाट्याने वर चढते. लॉरेन्झ यांच्या १९६९ च्या गणितानुसार चौकट निम्मी करावी, तर हाती येणारा जादा अवधी प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमीच. गणनेचा भार मात्र सुमारे आठपट! घटत्या प्रतिफळाचा इतका चोख दाखला अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातही विरळाच. शिवाय एक-दोन किलोमीटरचा ढग सहा किलोमीटरच्या चौकटीत दिसत नाही. तेथे पुन्हा सरासरीचेच सूत्र वापरावे लागते.

म्हणजे नवी यंत्रणा निरुपयोगी, असे नव्हे. परंतु ‘उद्या पाऊस पडेल’ या विधानापेक्षा ‘शंभरात साठ शक्यता’ हे विधान अधिक प्रामाणिक आहे, आणि उधारीवर बियाणे उचलणाऱ्याला जोखमीचे गणित कोणी शिकवावे लागत नाही. ग्रामपंचायतीच्या फलकावर उद्याच्या अंदाजाशेजारी गेल्या हंगामातले किती अंदाज खरे ठरले, हा आकडाही लिहिला जावा. दुबार पेरणीचा खर्च अखेर त्यालाच सोसावा लागतो.