मूळव्याध म्हणून सोडून देऊ नका

शौचाला रक्त पडलं की आपल्याकडे निदान डॉक्टरच्या आधी घरातच होतं. पंचविशीतला मुलगा असेल तर ‘बाहेरचं चमचमीत खाणं बंद कर’. सूनबाई फिकी पडली असेल तर ‘पाळीत जास्त जातं, बीट खा’. आजोबा असतील तर ‘वय झालं, आता कोठा साफ कसा होणार?’ आणि तिघांनाही चालेल असं एक नाव तयारच असतं: मूळव्याध.

पुष्कळदा ते खरंही असतं. पण महिनाभर जुलाब, आव-रक्त, पोटात कळा, रात्री झोपेतून उठून शौचाला पळावं लागणं, वजन उतरणं, यातलं काही असेल तर आतड्याला कायमची सूज आणणाऱ्या आजाराची शंका घ्यायलाच हवी. याचे दोन मुख्य प्रकार आहेत: मोठ्या आतड्याला जखमा करणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकणारा क्रोन्स.

‘हा तर गोऱ्यांचा आजार’ असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. पंजाबात घरोघरी जाऊन ५१,९१० जणांची पाहणी झाली, तिचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. लाखामागे सुमारे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला. म्हणजे आजार इथे होताच, शोधणारं कुणी नव्हतं.

हा आजार बहुधा पंधरा ते पस्तीस या वयात सुरू होतो. नेमकी शिक्षणाची, नोकरीची, लग्नाची वर्षं. लहान मुलांत कधी जुलाबाआधी उंचीच थांबते, म्हणून वर्षभर मूल वाढलंच नाही तर टॉनिकच्या बाटलीवर भागवू नका. साठीनंतरही तो सुरू होऊ शकतो. त्या वयात रक्त पडलं तर आतड्याचा कर्करोग नाही ना, हे आधी पाहावं लागतं. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या गोळ्यांनीही शांत असलेला आजार उसळू शकतो, तेव्हा त्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्या.

बाईपुरुषांचं काय? पाश्चात्त्य देशांत मोठ्या वयाच्या क्रोन्सच्या रुग्णांत बायका थोड्या जास्त असतात. भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदींत पुरुष अधिक दिसतात. यातला किती भाग आजाराचा आणि किती भाग घरातल्या बाईला दवाखान्यात न नेण्याच्या आपल्या सवयीचा, हे रजिस्टरवरून कळत नाही. बायका दुखणं अंगावर काढतात. हिमोग्लोबिन सात-आठवर आलं तरी लोहाच्या गोळ्या घेऊन कामाला लागतात. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल, तर ते कुठून जातंय हे विचारा.

लग्न ठरताना आजार लपवू नका. आजार तीन ते सहा महिने शांत असताना दिवस राहिले तर बहुतेक गरोदरपणं सुखरूप पार पडतात. दिवस राहिले म्हणून घाबरून औषधं बंद करणं हाच मोठा धोका. मात्र मेथोट्रेक्सेटसारखं एखादं औषध काही महिने आधीच थांबवावं लागतं, म्हणून डॉक्टरांना आधी भेटा. पुरुषांनीही भेटावं: सल्फासॅलॅझिनने शुक्राणू कमी होतात, औषध बदलल्यावर ते पुन्हा वाढतात. तेव्हा मूल होत नाही म्हणून एकट्या सुनेला दोष देऊ नका.

निदानासाठी रक्ताची व शौचाची तपासणी, मग दुर्बिणीने आतडं पाहणं आणि त्याचा तुकडा तपासणं. आपल्याकडे आतड्याचा टीबीही क्रोन्ससारखाच दिसतो, म्हणून ही तपासणी टाळून चालत नाही. टीबीची औषधं चालू असूनही उतार पडत नसेल, तर डॉक्टरांकडे पुन्हा जा.

आजार मुळातून जात नाही, पण औषधांनी वर्षानुवर्षं शांत राहतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नका, स्टेरॉइड तर अजिबात एकदम थांबवू नका. मोठ्या आतड्याचा आजार आठ वर्षांचा झाला की कर्करोगासाठी दुर्बिणीची तपासणी सुरू करा.

या आठवड्यात घरात सगळे बसलेले असताना नको, एकेकाला बाजूला घेऊन विचारा: ‘शौचाला रक्त पडतं का?’ मुलाला विचारा, आजोबांना विचारा. आणि आई, बहीण, सून यांना दोनदा विचारा, कारण पहिलं उत्तर बहुधा ‘काही नाही’ असंच येईल.