धुऱ्यावरचा खुळखुळा

वहीपूजनाचे दिवस जवळ येतात, तेव्हा वर्धा जिल्ह्यात सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी सुरू होते आणि तूर फुलोऱ्याकडे वळते. पावसाळी रानफुले मात्र ओसरू लागलेली असतात. अशा वेळी शेताच्या धुऱ्यावर आणि पडीत जमिनीवर पिवळ्या फुलांचे ताठ, उंच तुरे दिसतात. हा खुळखुळा. वाळलेल्या शेंगेत बिया वाजतात, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव क्रोटलेरिया रेटुसा. व्यापाऱ्यांच्या परिचयाचा ताग हा याच प्रजातीतील.

या फुलाचे पराग खालच्या पाकळ्यांच्या मिटलेल्या नौकेत असतात. काळा, थोराड भुंगा वर बसला की त्याच्या भाराने नौका दबते आणि टोकातून निघालेले पराग त्याच्या अंगास चिकटतात. तुरीचे फूलही याच कुळातले. तुरीत स्वपरागण बरेच होते; परंतु जे परपरागण होते ते भुंगे व मधमाश्याच करतात. तूर फुलेपर्यंत त्यांचा निर्वाह अशा रानफुलांवर चालतो.

खुळखुळ्यात एक विषारी द्रव्यही असते. ‘ब्लू टायगर’सारख्या फुलपाखरांचे नर वाळल्या झाडातून ते शोषून घेतात, त्यातून मादीस आकर्षित करणारा गंध तयार होतो आणि शत्रूपासून संरक्षणही मिळते. जनावरांच्या यकृतास मात्र ते घातक आहे. म्हणून वैरणीत हे झाड येऊ देऊ नये. गोठ्याजवळचे उपटावे, दूरच्या धुऱ्यावरचे राहू द्यावे.

अलीकडे मजुरी वाचविण्यासाठी धुऱ्यावर सर्रास तणनाशक फवारले जाते. त्याने खर्च वाचल्याचे दिसते. परंतु भुंग्यांचे अन्न नाहीसे झाल्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. भुंगे वाळलेल्या लाकडात व बांबूत घर करतात, त्यामुळे बांधावरचे एखादे वठलेले खोडही जपण्याजोगे असते.

पाणी गाळून पिणाऱ्या घरांना सूक्ष्म जीवांची काळजी नवी नाही. अनेक कुटुंबांची शेती मक्त्याने दिलेली असते आणि तेथे काय फवारले जाते याची विचारणा होत नाही. पुढील मक्ता ठरविताना धुऱ्यावर तणनाशक न वापरण्याची आणि शेंगा वाळल्यावरच कापणी करण्याची अट लेखी घालावी. त्यासाठी मक्त्याची रक्कम थोडी कमी करावी लागली, तरी तो व्यवहार तोट्याचा ठरणार नाही.